वाढपी

हॉटेलात आपल्यापुढे ताट आणून ठेवणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणतात?

प्रश्न अगदीच सोपा वाटेल. "वेटर, आणखी काय!" पण नीट आठवून पाहा. वेटर हा शब्द आपण त्याच्याबद्दल बोलताना वापरतो. त्याला हाक मारताना नाही. "ओ वेटर" अशी हाक मी सिनेमातच जास्त ऐकली आहे. प्रत्यक्षात काही जण "शुक शुक" करतात, काही चुटकी वाजवतात, काही फोनवर बोलता बोलता नुसतं बोट वर करतात. वयाने लहान दिसला की "ए बारक्या", बरोबरीचा दिसला की "बॉस", आपल्यापेक्षा मोठा दिसला की "मामा". म्हणजे बघा, त्याच्याविषयी बोलायला आपल्याकडे एक उसना शब्द आहे, आणि त्याला बोलवायला धड तोही नाही.

मग 'वाढपी' कुठे गेला? शब्द तर आहे. चांगला ठणठणीत मराठी शब्द आहे. पण तो राहतो मंगल कार्यालयात. लग्न ठरलं की केटररशी बोलणी होतात, आचारी किती आणि वाढपी किती. पंगतीला उशीर झाला की "वाढपी कमी पडले हो" म्हणून कुणीतरी कुरकुरतं. हॉटेलच्या पायरीशी मात्र हा शब्द थांबतो, आत येत नाही. काम तेच, ताट तेच, भात तोच. मग शब्द का बदलतो? गेले काही महिने हे डोक्यात घोळतंय. त्याला घरातलं एक कारणही आहे, ते पुढे सांगते.

आधी शब्दाकडे बघू. दळणे-दळप, कांडणे-कांडप, वाटणे-वाटप, तसं वाढणे-वाढप. आणि वाढप करतो तो वाढपी. इथवर सरळ आहे. गंमत आहे ती 'वाढणे' या क्रियापदात. मूल वाढतं, झाड वाढतं, महागाई वाढते आणि आई भात वाढते! संस्कृतातला 'वृध्' हा धातू, प्राकृतात त्याचं झालं 'वड्ढ', मराठीत 'वाढ'. शेजारच्या हिंदीत अन्न 'परोसतात' आणि गुजरातीत 'पीरसतात'. हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'परिवेषण' वरून आले. आपण त्या वाटेने गेलो नाही. कोकणीत मात्र 'वाडप' आहे, आणि खाली दक्षिणेत तेलुगूतलं 'वड्डिंचु' आणि कन्नडातलं 'बडिसु' ऐकलं की ही मंडळी आपल्याच वाड्यातली वाटतात.

पण अन्न ताटात घालण्याला 'वाढ' का म्हणायचं? याचं उत्तर मला नारळात सापडलं. नारळ आपण फोडतो, पण देवापुढे असला की म्हणतो 'वाढवला'. बांगडी फुटली की घरातली म्हातारी माणसं 'बांगडी वाढली' म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तरी 'वाढलं'च. जिथे काहीतरी कमी होतंय, तुटतंय, संपतंय, आणि ते तोंडाने उच्चारायचं नाही, तिथे आपली भाषा हा शब्द पुढे करते. जेवणाचंही तेच नाही का? पातेल्यातलं कमी होतं आणि पानातलं वाढतं. भाषेने पातेल्याकडे पाठ फिरवली आणि पानाकडे बघून शब्द ठरवला. मला तरी हे असंच वाटतं, आणि ज्या कुणी आजीबाईने हा शब्द पहिल्यांदा अन्नाला लावला असेल तिला मनातल्या मनात नमस्कार करावासा वाटतो. :-)

नुसता शब्दच नाही, त्याच्याभोवतीची भाषाही बघा. "नशिबात काय वाढून ठेवलंय कोण जाणे", असं आपण म्हणतो. म्हणजे आपलं नशीबसुद्धा एक वाढपीच आहे. "वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं", असंही म्हणतो. वाढपी मनात आणलं तर शेवटच्या पानावरही जिलबी पोचवतो, आणि मनात आणलं तर पहिल्या पानावरून नुसताच पुढे सरकतो. एकाच पंगतीत एकाला जास्त आणि एकाला कमी वाढलं तर त्याला 'पंक्तिप्रपंच' असा खास शब्द आहे, आणि ते पाप मानलं गेलंय. म्हणजे पंगतीत सत्ता वाढणाऱ्याच्या हातात असते. जेवणाऱ्याने खाली मान घालून जेवायचं, नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. त्यातला खरा 'नको' कुठला आणि 'थोडासा चालेल' वाला कुठला, हे वाढपी ओळखतो.

आता 'वेटर'. इंग्रजीतला हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ होता नजर ठेवणारा, पहारेकरी. जागं राहणं, लक्ष ठेवणं यांसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांच्याशी त्याचं नातं आहे. पूर्वी इंग्लंडच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची वाट बघत थांबणाऱ्या जकात कर्मचाऱ्यांनाही वेटर म्हणत. पुढे तो टेबलाशी हुकमाची वाट बघत उभा राहणारा माणूस झाला. लंडनची लॉइड्स ही विमा बाजारपेठ सतराव्या शतकात एका कॉफीहाउसमधून वाढली. (बघा, इथेही 'वाढली'च.) त्या आठवणीपोटी तिथले गणवेशातले कर्मचारी अजून वेटर म्हणवतात आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. म्हणजे शब्द मुळात वाईट नाही. पण त्याने या माणसाचं एकच अंग पाहिलं, त्याचं उभं राहणं. आपल्या शब्दाने त्याचा हात पाहिला.

तिसरा शब्द आहे 'बेअरा', आणि त्याची गोष्ट आपल्या घराजवळून जाते. १८८६ साली छापलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात बेअररचा पहिला अर्थ दिलाय पालखी वाहणारा, म्हणजे आपला भोई. नंतरचा अर्थ बंगालकडचा, साहेबाच्या घरातला नोकर. मुंबईकडे पालखी वाहणाऱ्याला साहेब लोक 'हमाल' म्हणत आणि घरकामाच्या गड्यालाही 'हमाल'च म्हणत. म्हणजे देशाच्या दोन टोकांना एकच प्रवास झाला. खांद्यावर माणूस वाहणारा माणूस घरात आला आणि हातात चहाचा ट्रे घेऊन उभा राहिला.

आता खोपोलीचं सांगते. आगगाडी खोपोलीपर्यंत आली ती १८५६ साली. इंग्रजांच्या कागदांत तिचं नाव 'कॅम्पूली'. बोरघाटातला लोहमार्ग सुरू व्हायला १८६३ उजाडलं. खंडाळा ते पुणे गाडी मात्र १८५८ लाच धावू लागली होती. मग मधल्या पाच वर्षांत मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी काय करायचा? खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायचा. ज्यांच्या खांद्यावर तो चढायचा, त्यांच्या धंद्याचं इंग्रजी नाव बेअरर. हेच नाव पुढे जिमखान्यात आणि डाकबंगल्यात पांढरा कोट घालून आलं. घाटाखालच्या आपल्या या पट्ट्याने 'बेअरा' शब्दाचा आधीचा अवतार प्रत्यक्ष पाहिलाय, एवढंच मला म्हणायचं आहे.

माथेरान हेही आपल्याच कर्जत तालुक्यात. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब तिथे चढून गेले, १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली, आणि वर हॉटेलं उभी राहिली. तिथे मोटारी नाहीत, त्यामुळे माणसाने माणसाला वाहून नेण्याचं काम तिथे फार काळ टिकलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला, कारण माणसाने माणसाला ओढणं हे माणुसकीला धरून नाही. मला हा निकाल पटला. आणि तो वाचताना एक गोष्ट स्वच्छ झाली. काही कामांतच अपमान असतो. माणसाने माणसाला ओढण्याच्या कामाला कितीही छान नाव दिलं तरी तो अपमान जात नाही. वाढण्याचं काम तसलं नाही. एका माणसाने दुसऱ्या भुकेल्या माणसापुढे अन्न ठेवावं, यात कमीपणाचं काय आहे? इथे जो अपमान होतो तो बाहेरून आणून लावलेला असतो. आणि बाहेरून लावलेली गोष्ट काढता येते.

मग 'वाढपी' हॉटेलात का आला नाही? इथे जरा अवघड गोष्ट आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पंगतीतल्या वाढप्याला मान होता तो काही सगळा त्याच्या हाताच्या चवीचा नव्हता. त्यात जात होती. कोण कुणाला वाढणार, कुणाच्या हातचं कुणाला चालणार, कोण सोवळ्यात आहे, कुणाला वरून, अंतर राखून वाढायचं, हे सगळं 'वाढप' या शब्दाबरोबर घरात नांदत होतं. ज्या जिल्ह्याला आपण आज रायगड म्हणतो, त्याच्या महाडमध्ये १९२७ साली तळ्यातलं पाणी ओंजळीने पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा. पाण्याची ही कथा, तर वरणभाताची काय असणार?

हॉटेलने ही पंगत मोडली. एकदम नाही, सहजही नाही. जुन्या पाट्या आणि वेगळ्या कपबशा आपल्या वाडवडलांनी बघितल्या आहेत. पण शेवटी मोडली. आज कर्जतच्या स्टेशनवर गाडीला मागून घाटाची इंजिनं जोडेपर्यंत खिडकीतून वडा घेताना कुणी देणाऱ्याची जात विचारत नाही. दिवाडकरांचा वडा हातात आला की माणूस पहिल्यांदा चटणी कुठे आहे ते बघतो. हॉटेलात ताट आणणाऱ्याचं आडनावही कुणाला ठाऊक नसतं. 'वेटर' हा परका शब्द इथे उपयोगी पडला. तो आला तेव्हा त्याच्या अंगावर सोवळं नव्हतं. तेव्हा "इंग्रजी शब्द हाकला, मराठी आणा" एवढं सोपं हे प्रकरण नाही. वेटर शब्दाने वाढणाऱ्याची जात पुसली, हे त्याचे उपकारच.

पण जात पुसता पुसता त्याने नावही पुसलं. पंगतीतला वाढपी आपल्या ओळखीचा असायचा, हॉटेलातला वेटर कुणाचा कुणी नसतो. सत्ताही उलटी झाली. पंगतीत वाढणाऱ्याच्या हातात पळी होती. हॉटेलात आपल्या हातात मेनूकार्ड आलं आणि शेवटी बिल. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला वाटतं की जेवणाबरोबर समोरचा माणूसही तासाभरासाठी विकत घेतलाय. "शुक शुक" ची सुरुवात इथून होते.

याच वाटेने 'पोऱ्या' आला. हॉटेलातला पोऱ्या, टपरीवरचा बारक्या, चाळीत चहा पोचवणारा छोटू. आमच्या पिढीने हे शब्द इतक्या सहज वापरले की त्यांचा अर्थच ऐकू येईनासा झाला होता. पोऱ्या म्हणजे पोर. मूल. ते मूल सकाळी सहाला कपबशा विसळत होतं आणि आपण त्याला त्याच्या वयाच्या नावाने हाक मारत होतो! २००६ च्या १० ऑक्टोबरपासून हॉटेलात, धाब्यावर आणि घरकामाला चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला कायद्याने बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आणखी व्यापक झाली. मुलं पूर्ण गेली असं नाही, पण पूर्वीसारखी उघड दिसत नाहीत. हाक मात्र राहिली. आता तिशीतल्या, घरी दोन मुलं असलेल्या माणसाला आपण "छोटू" म्हणतो. म्हणजे कायद्याने मूल हॉटेलातून बाहेर काढलं आणि आपण त्याचं नाव मोठ्या माणसाला चिकटवून टाकलं.

आता घरातलं कारण. आमच्याकडच्या मंडळींना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. माझा एक भाचा कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये काम करतो. (रिसॉर्टचं नाव कशाला, आणि भाच्याचंही नको, तो रागावेल.) कर्जत-खालापूर म्हणजे भाताचा मुलूख. इथल्या भात संशोधन केंद्राचं 'कर्जत-३' वाण कोकणात कुणाही शेतकऱ्याला विचारा. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उल्हास आणि पेज नदीच्या काठाने शेतं गेली, फार्महाउसं आली, रिसॉर्टं आली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, खालापूरचा टोलनाका आणि फूड मॉल आले. ज्यांच्या वडिलांनी भात लावला, त्यातली कितीतरी मुलं आज भात वाढतात. ज्या शेतात भात वाढायचा, तिथे आता भात वाढला जातो. मराठीत क्रियापद बदलावंसुद्धा लागत नाही.

भाच्याला विचारलं, काम नेमकं काय असतं रे? त्याने सांगितलं ते असं. ब्रेक शिफ्ट असते, म्हणजे सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, मधे दोन-तीन तास सुट्टी, मग रात्रीचं जेवण पार शेवटचं टेबल उठेपर्यंत. जगाचा शनिवार-रविवार तो याचा सर्वांत मोठा दिवस. सहा टेबलं त्याच्याकडे. कुठल्या टेबलावरच्या आजींना तिखट नको, कुठल्या मुलाला शेंगदाण्याचं वावडं आहे, कुणी अर्धी पोळी सांगितली होती, हे सगळं डोक्यात ठेवायचं. तीन ताटं एका हातावर. गरम सूप घेऊन जाताना समोरून पोर पळत येणारच, हे गृहीत धरून चालायचं. आणि चेहरा? चेहरा कायम "या, बसा" असा. स्वतः जेवतो दुपारी चारला, उभ्याउभ्या.

हे सगळं ऐकल्यावर मला वाटलं, हे तर पंगतीतल्या कसबी वाढप्याचंच काम आहे. थोडंसं जास्तच.

आणि आता गंमत बघा. (गंमत कसली!) त्याच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा बायोडेटात काय लिहायचं यावर घरात तीन संध्याकाळी खल झाला. एकाने सुचवलं, 'खाजगी नोकरी'. दुसऱ्याने सुचवलं, 'हॉस्पिटॅलिटी क्षेत्रात कार्यरत'. तिसरे थोर, ते म्हणाले सरळ 'मॅनेजर' लिहा, पुढेमागे होणारच आहे. एक स्थळ आलं, मुलीच्या काकांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करतो?" तर आमच्याकडचे म्हणाले, "हॉटेल लाइनला आहे." लाइनला! जणू काही रांगेत उभा आहे. पोरगा समोर बसलेला. तो काही बोलला नाही.

नंतर मी त्याला म्हटलं, तुला वेटर म्हटलेलं खटकतं का रे? तर म्हणाला, "मावशी, वेटर म्हण गं, चालतं मला. कामाचं नाव आहे ते. बाहेरच्या 'ए' ची सवय झाली. घरातल्या 'लाइनला आहे' चं काय करू?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी हा शब्द धरून बसले आहे.

कारण याच घरात वाढणं किती पवित्र मानलं जातं, ते मला माहीत आहे. लग्न होऊन येणारी मुलगी माहेराहून अन्नपूर्णा घेऊन येते, हातात पळी असलेली देवी. आपल्या देव्हाऱ्यातल्या देवीच्या हातात वाढायचं साधन आहे! माझ्या आईने पन्नासेक वर्षं दोन्ही वेळा सगळ्यांना वाढलं आणि सगळ्यांच्या मागून ती जेवली. तिला या कामाचं नाव मिळालं नाही. 'वाढपीण' असा शब्द मी कधी ऐकला नाही. बाईने घरात वाढलं तर ती माया, म्हणून नाव नको. पुरुषाने कार्यालयात वाढलं तर तो वाढपी. त्यानेच हॉटेलात पगार घेऊन वाढलं तर तो 'लाइनला'. म्हणजे फुकट केलं की देवी, आणि पैसे घेऊन केलं की लपवायची गोष्ट. हा हिशोब मला काही केल्या कळत नाही. आणि मला वाटतं, या दोन टोकांचं मूळ एकच आहे. वाढण्याला आपण कधी 'काम' मानलंच नाही. घरात ते बाईचं कर्तव्य होतं आणि बाहेर ते दुसरं काही न जमलेल्याचं नशीब. मधल्या जागी, जिथे कौशल्य असतं, थकवा असतो, पगार असतो आणि अभिमान असतो, तिथे आपण काही ठेवलंच नाही.

कुणी म्हणेल, शब्द बदलून काय होणार? पगार वाढवा, तास कमी करा, बसायला स्टूल द्या. शंभर टक्के मान्य. शब्दाने कुणाचं पोट भरत नाही. तुम्हाला आठवत असेल, हॉटेलच्या बिलात आपोआप लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्कावरून किती वाद झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ते सक्तीने लावायला मनाई केली, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. ग्राहक म्हणून आपण खूश झालो. पण या सगळ्या चर्चेत वाढणाऱ्याला नीट पगार किती असावा, हा प्रश्न माझ्या ओळखीतल्या एकानेही काढला नाही. ज्याला आपण धड नावाने ओळखत नाही, त्याच्या पगाराची आठवण आपल्याला कुठून येणार? शब्द आणि पगार यांचा संबंध मला इथे दिसतो. नाव मिळालं म्हणजे पगार मिळतो असं नाही. पण ज्याला नाव नाही त्याच्यासाठी कुणी मागत नाही.

तिकडे फूड मॉलमध्ये तर वाढणाराच गेला. कुपन घ्या, नंबर ओरडला की उठा, ट्रे स्वतः आणा, रिकामा करून स्वतः ठेवा. घाईच्या प्रवासात ते सोयीचं आहे, तक्रार नाही. कुणी कुणाला "ए" म्हणत नाही हाही फायदाच. पण तिथे एक गोष्ट मला नेहमी जाणवते. पोट भरतं, आणि तरी कुणी वाढलं असं वाटत नाही. "आणखी थोडं घेता?" हे विचारणारं तिथे कुणी नसतं. तेव्हा कळतं की रिसॉर्टमधला तो मुलगा ताट आणण्यापलीकडेही काहीतरी करत असतो.

तर माझं म्हणणं एवढंच. 'वाढपी' हा शब्द कार्यालयातून बाहेर काढावा, त्याचं सोवळं तिथेच खुंटीला टांगून ठेवावं, आणि त्याला हॉटेलात आणावं. 'वाढप' हे कामाचं नाव म्हणून बोलावं. "मुलगा काय करतो?" "एका रिसॉर्टमध्ये वाढप बघतो." वेटर म्हणायचं असेल तर वेटर म्हणा, माझ्या भाच्याची हरकत नाही, पण आवाज खाली न घालता म्हणा. हाक मारायची तर छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचा. तीन-चार अक्षरं असतात, डोळ्यांना त्रास होत नाही. आणि चाळिशीच्या माणसाला छोटू म्हणू नका.

भाच्याच्या बायोडेटाचं म्हणाल तर यंदा मी हट्टाने माझ्या हाताने लिहिला. व्यवसाय: रिसॉर्टमध्ये वाढपी (वेटर). पगारही खरा लिहिला. त्यावर घरातल्या तीन ज्येष्ठांनी नाराजी कळवली आहे, आणि त्यातले दोघे हे वाचतीलच. एका स्थळाकडून उत्तर आलेलं नाही. दुसऱ्या स्थळाच्या आईने फोन करून विचारलं, "रविवारी सुट्टी नसते ना? मग सोमवारी येऊ बघायला." मला ही बाई आवडली. पुढे काय वाढून ठेवलंय ते बघू.

असो. तुमच्याकडे, बेळगावला, गोव्याला, इंदूरला, या माणसाला काय म्हणतात? आणि हाक कशी मारतात? दोन्ही कळवा.